वादीची बाजू

सेथ ऑर्मरॉडने फुटबॉल उचलला आणि ओल्या चामड्यावर अंगठा फिरवत त्याचे तोंड आवळणारी वादी शोधली. मैदानाच्या उजव्या बगलेवरून खेळणाऱ्या नव्या खेळाडूने, एमॉस टलीने, सरावातला चौथा चेंडूही जमिनीलगतच पाठवला होता.

"अरे, वर मार की!" दुपारच्या पाळीला निघालेला एक गिरणीकामगार कुंपणापलीकडून ओरडला. "डोकं आहे सेथला! की तूही क्लेमसारखं गवतच कापणार?"

त्या बगलेवर नऊ वर्षे क्लेम डक्सबरी होता. पावसाचे पाणी पिऊन शिशासारखा जड झालेला चेंडू तो असा उचलून द्यायचा, की वादी पलीकडच्या बाजूला राही आणि डोक्याने गोल मारताना सेथच्या कपाळाला फक्त गुळगुळीत चामडे लागे. हार्लबेकच्या लोकांना ती जोडी म्हणजे घरचीच गोष्ट वाटे. गेल्या सप्टेंबरपासून मात्र क्लेमचे चेंडू वर उठेनासे झाले. गाव आधी चकित झाले, मग हसू लागले, मग शिट्ट्या वाजवू लागले. जानेवारीत मॅनेजरने क्लेमला राखीव संघात टाकले.

सेथ तेव्हा काहीच बोलला नव्हता. ते खालचे चेंडू त्याला देवाने धाडल्यासारखे वाटत होते. ऑगस्टमध्ये डोक्यावर बसलेल्या चेंडूच्या एका तडाख्यापासून बुटाची नाडी बांधायला वाकले, तरी भुई डोलत असे. सकाळी पलंगाची दांडी धरून तो उभा राही आणि बायकोला, नेलला, पाठ अवघडल्याचे सांगे. मे महिन्यात क्लब कोणाला ठेवणार, कोणाला सोडणार, ते ठरायचे होते. चक्कर येणाऱ्या बत्तीस वर्षांच्या माणसाला कोण ठेवणार?

"एमॉस, असं खाली मारायला साहेबांनी सांगितलं का?"

"छे! ते तर शिव्या घालतात." एमॉसने बाहीने नाक पुसले. "क्लेमनं सांगितलं. तीन संध्याकाळी नुसता पिदवलाय मला. म्हणाला, सेथच्या डोक्यापर्यंत एकही चेंडू जाता कामा नये. लोक बोंबलतील, बोंबलू दे."

"का, ते नाही विचारलंस?"

"विचारलं ना. म्हणाला, तोंड कमी चालव, पाय जास्त."

सेथला सप्टेंबरमधली एक सकाळ आठवली. ट्रामवरून उतरताना त्याने क्लेमचा खांदा धरला होता, आणि नको तितका वेळ धरून ठेवला होता. त्याच शनिवारी पहिला चेंडू खालून आला होता.

सराव अर्धवट टाकून तो आत गेला. मॅनेजरच्या दाराबाहेर त्याने बुटांचा चिखल गरजेपेक्षा जास्त वेळ खरवडला. मग दार ठोठावले.

"साहेब, क्लेमच्या पायाला काही झालेलं नाही. माझ्या डोक्याबद्दल बोलायचंय."

शनिवारी भिंतीवरच्या यादीत उजव्या बगलेसमोर क्लेमचे नाव होते. एमॉसला डावीकडे हलवले होते. सेथचे नाव नव्हते.

तो नेलला घेऊन गोलमागच्या पायऱ्यांवर, लोकांत उभा राहिला. आजूबाजूच्यांनी सरकून जागा दिली. कोणीतरी नेलपुढे पुदिन्याच्या गोळ्यांची पुडी धरली. नेलने सेथचा दंड सोडला नाही. पलंगाच्या दांडीची गोष्ट आता तिलाही ठाऊक होती.

पहिल्याच कॉर्नरला क्लेमने चेंडू ठेवला. वाकून वादी हवी तशी फिरवली. मान वर करून त्याने पायऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. सेथवर ती क्षणभर थांबली असावी. मग चेंडू उठला. किती महिन्यांनी उठला! उंच, धूसर आभाळात हळूच वळत तो गोलच्या तोंडाशी उतरू लागला आणि पायऱ्यांवरून एकच आरोळी उठली.

"बघा, बघा!" शेजारचा म्हातारा सेथच्या बरगडीत कोपर मारत म्हणाला. "मेल्याचा पाय परत आला!"

"गेलाच नव्हता, दादा," सेथ म्हणाला, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.