सरावलेली नाकं

सुट्टीभर ठाण्याला आजीकडे राहून इरा आदल्याच दिवशी आखातात, अल हैलच्या घरी परतली होती. शाळेने लगेच गृहपाठ दिला: ‘अकस्टम्ड’ हा शब्द वापरून तीन वाक्यं.

इरा माझी मावसबहीण. जवळच्या गाला भागातल्या रंगांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून मी मावशीकडेच राहत होते. रसायनशास्त्र शिकलेल्यांना सगळं येतं, असा मावशीचा समज होता.

“म्हणजे ‘यूज्ड टू’च ना, पूर्वाताई?”

“जवळपास. आधी खटकलेली गोष्ट पुढे जाणवेनाशी होते. अंगवळणी पडते.”

“अंगव... काय?”

“सवय होते गं. तुझ्या घरातलंच काहीतरी घे.”

इराने पेन्सिल चावत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “माय मदर इज अकस्टम्ड टू द स्मेल इन द किचन. आय ॲम नॉट.”

“वा,” मावशी ओट्याजवळून म्हणाली. “आल्या आल्या नावं ठेवायला लागली. ठाण्याला अत्तर शिंपडतात वाटतं?”

“कसला वास, इरा?”

“रॉटन एग्जचा. काल पण होता.”

मी स्वयंपाकघरात जाऊन हुंगून पाहिलं. मला कसलाच वास आला नाही. पण दिवसभर थिनरच्या वासात राहिलेल्या नाकाचा काय भरवसा? गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. हळूहळू वाढला, तर नाक त्यालाही सरावतं. उन्हाळ्यामुळे खिडक्या कधीच्या बंद होत्या.

“मावशी, लायटर खाली ठेव.”

“अगं, तेल तापवायचंय.”

“ठेव. कुठल्याही बटणाला हात लावू नकोस.”

सिलिंडर बंद करून मी खिडक्या उघडल्या. घर चांगलं मोकळं झाल्यावर गॅस क्षणभरच सुरू केला आणि नळीवर साबणाचं पाणी लावलं. शेगडीमागे, नळी वळते तिथे, बुडबुडे फुगू लागले.

सिलिंडर पुन्हा बंद केला, तरी मावशी नळीकडेच बघत होती. मग तिने इराला ओढून मांडीवर घेतलं. चौथीतली मुलगी, पाय जमिनीला टेकत होते.

“ममा, मी मोठी आहे.”

“असशील. बस जरा.”

नवी नळी येईपर्यंत दहीपोह्यांवर भागवायचं ठरलं. जेवताना इराला वही आठवली.

“ताई, माझं सेंटेन्स करेक्ट आहे?”

“अगदी बरोबर.”

“पण आता ते खरं नाही. खोडू?”

“नको,” मावशी म्हणाली. “राहू दे ते. टीचरना सांग, आईने ठेवायला सांगितलंय.”

आणि तिने स्वतःच्या वाटीतलं दही इराच्या पोह्यांवर घातलं.