बोहणीच्या आधी

ऋषी सरांच्या केबिनवर नवी पाटी लागली त्या दिवशी शालूला हसू आवरता आवरेना. वर नाव, खाली पदवी, आणि पदवीच्या खाली ‘ऑपरेशन्स रिसर्चमधील पदव्युत्तर प्रमाणपत्र’. प्रमाणपत्र हातात पडायला अजून दोन महिने होते. शेवटचा प्रकल्प व्हायचा होता, तोंडी परीक्षा व्हायची होती. पण गडी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार! वर पाटी ठोकणाऱ्याला म्हणतो कसा, “थोडी उजवीकडे घे, जिन्यावरून येणाऱ्याला दिसली पाहिजे.”

आणि त्या प्रमाणपत्रातलं एक गणित तरी ह्या माणसानं स्वतः सोडवलं असेल तर शपथ.

जालन्यातल्या एका बियाणं कंपनीचं हे गोदाम. इथून जिल्हाभरच्या दुकानदारांना बियाण्याची पोती आणि पाकिटं जातात. कुठली गाडी कुठल्या रस्त्यानं सोडायची, ते कागदावर शालू लिहायची आणि सही ऋषी सर करायचे. शालू वडीगोद्रीच्या धुळाजीची लेक. बाप अजून मेंढरं राखतो. लेक गणित घेऊन बी. एस्सी. झाली आणि डिस्पॅचच्या टेबलाशी येऊन बसली.

मागच्या साली मालकीणबाई अरुंधतीबाईंनी ठरवलं, की एका माणसाला नोकरी सांभाळून शिकवायचं. शनिवार-रविवार, ऑनलाइन, नऊ महिने, खर्चा कंपनीचा. शिकायचं काय, तर कमी गाड्या, कमी डिझेल, कमी वेळ आणि काम मात्र पुरं, हे गणितानं कसं बसवायचं ते. म्हणजे शालू रोज जे अंदाजानं करायची, तेच पक्क्या हिशोबानं. नाव मात्र ऋषी सरांचं गेलं. का, तर त्यांच्याकडे केबिन होती आणि शालूकडे स्टूल.

पहिल्याच आठवड्यात सर लॅपटॉप घेऊन स्टुलापाशी आले. “शालू, जरा बघ ना. मला ऑडिटचं काम आहे.” ऑडिट कसलं? जुन्या जालन्यात मित्राच्या कापड दुकानात गप्पा छाटायला जायचं होतं. शालूनं बघितलं. पुढच्या आठवड्यात परत बघितलं. मंग सरांनी पासवर्डच देऊन टाकला. तासाला कॅमेरा बंद करून शालू बसायची, वहीत उतरून घ्यायची, गणितं सोडवायची, आणि सोमवारी सर साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणायचे, “काल फार अवघड टॉपिक होता, पण जमवलं आपण.”

आपण! शालूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तरी ती गप्प राहायची, त्याला कारण होतं. पुढच्या तुकडीत तिला स्वतःच्या नावानं बसायचं होतं. फॉर्म भरून तिनं जानेवारीतच सरांना दिला होता. त्यावर विभागप्रमुखाची, म्हणजे सरांचीच, सही लागायची. “करतो की,” सर म्हणाले होते, “माझा एवढा प्रकल्प होऊ दे.” फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला. त्या एका सहीसाठी शालू नऊ महिने ह्या टिनपाटाचं ओझं वाहत होती.

प्रकल्पाला तिनं गाड्यांचेच मार्ग घेतले. त्रेचाळीस दुकानं, चार गाड्या. नकाशा होता, अंतरं होती, पोत्यांचा आकडा होता. सगळं बसवून झाल्यावर तिनं कागद कडूबाला दाखवला. कडूबा वीस वर्षं कंपनीची गाडी चालवत आलेला. त्यानं बघितलं आणि कागद परत तिच्याच हातात दिला.

“हे न्हाई चालायचं, शालूताई. वडीगोद्रीला नऊला पोचून काय करू? मागच्या खेपेला दीड घंटा उभा राह्यल्तो. त्या दुकानदाराची बोहणी झाली नव्हती.”

शालूनं कपाळाला हात लावला. वडीगोद्रीची पोरगी आणि हेच विसरली! दिवसातली पहिली विक्री झाल्याशिवाय दुकानदार गल्ल्यातून पैसा काढत नाही, हमालीचासुद्धा. पैसा नाही तर हमाल पोत्याला हात लावत नाहीत. फोनवरून पाठवा म्हणा, तरी नाही. बोहणीच्या आधी जाणारा पैसा तो जाणाराच. शहागडच्या दुकानदाराची चहा-बिस्किटांचीही टपरी आहे, तिथं ट्रकवाल्यांमुळं उजाडतानाच बोहणी होते. वडीगोद्रीच्या त्या दुकानात मात्र गिऱ्हाईक शेतावरची फेरी मारून साडेदहाला येतं. शालूनं आठ दिवस बसून एकेका दुकानदाराला फोन लावला, प्रत्येकाच्या बोहणीची वेळ गणितात घातली. गाडी आता वडीगोद्रीवरून तशीच पुढं जायची, शहागडला माल उतरवायची आणि मागं फिरून वडीगोद्री करून घनसावंगीकडे निघायची. आठ-दहा किलोमीटर जास्त, पण दीड घंटा वाचला.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. मीटिंगच्या खोलीत लॅपटॉपसमोर ऋषी सर, नवा शर्ट, केसांना तेल नाही पण काहीतरी चकचकीत. पडद्यावर एक वयस्क प्राध्यापक, आणि घरून बसलेल्या अरुंधतीबाई. शालू कॅमेऱ्याच्या बाहेर, स्टुलावर, मांडीवर कोरे कागद. अडलं की लिहून दाखवायचं असं ठरलेलं. पहिले चार प्रश्न असे पार पडले. सर कागद वाचत होते आणि मधे मधे हात हलवत होते, जणू विचार करून बोलून राह्यलेत.

मंग प्राध्यापकांनी चष्मा पुसला. “तुमची गाडी वडीगोद्रीच्या दुकानासमोरून भरलेली जाते. तिथे थांबत नाही. शहागडहून परत मागे येते. हा हेलपाटा कशासाठी?”

शालूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बोहणी’. सरांनी वाचलं. ओठ उघडले आणि मिटले. न समजायला काय झालं? अख्खा जन्म जालन्याच्या बाजारात गेलेला. पण एवढ्या मोठ्या प्राध्यापकापुढं, इंग्रजी शब्दांच्या त्या रांगेत, गल्ल्यावरचा हा शब्द उच्चारायची गड्याला लाज वाटली. शालूला ते त्याच्या लाल झालेल्या कानांवरून दिसलं.

“सॉरी सर,” ऋषी सर हसून म्हणाले, “ती आमच्या क्लार्कची चूक दिसते. माहिती भरणारी मुलगी गावाकडची आहे. आकडे इकडचे तिकडे होतात तिच्याकडून.”

“मग वडीगोद्रीच्या वेळेची ती अट काढून पुन्हा उत्तर काढून दाखवा.”

सरांनी इथं दाबलं, तिथं दाबलं. पडद्यावर तांबडी अक्षरं आली. शेवटी लॅपटॉप हळूच वळवून ते कुजबुजले, “शालू, जल्दी. जरा बघ ना.”

शालूच्या डोळ्यांपुढं तो फॉर्म आला. आता गप्प राहिलं तर सही मिळेल. आणि बोललं तर नऊ महिने पाण्यात. पण गावाकडची मुलगी! माझ्याच गणितावर पाटी लावून, मलाच? तिनं स्टूल सरकवलं आणि कॅमेऱ्यासमोर येऊन बसली.

“नमस्कार सर. ती गावाकडची मुलगी मीच. आकडा चुकलेला न्हाई. त्या दुकानाची बोहणी साडेदहाला होते.” आणि तिनं गल्ला, हमाल, दीड घंटा, सगळं सांगितलं.

प्राध्यापक पुढं झुकले. “आणि आठवडी बाजार असेल तेव्हा?”

“तेव्हा सातलाच होते. त्या दिवसाचा मार्ग वेगळा काढलाय, पुढच्या पानावर.”

पान होतं. ऋषी सरांनीही ते तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

प्राध्यापकांनी आणखी तीन प्रश्न विचारले, तिलाच. मंग म्हणाले, “ऋषी, हा प्रकल्प मला स्वीकारता येणार नाही. एक महिना देतो, स्वतः करून आणा. आणि बाई, तुमचंही चुकलंच. दुसऱ्याची परीक्षा देतात का?” शालूनं मान खाली घातली.

पडदा बंद झाल्यावर सर उसळले. “सही करणारच होतो मी तुझ्या फॉर्मवर! आता बस बोंबलत.”

शालू सरळ केबिनमध्ये गेली, ड्रॉवर उघडला. फॉर्म होता. त्यावर चहाच्या कपाचे तीन गोल उमटलेले. शेवटची तारीख उलटून वीस दिवस झालेले. तिला सरांचा राग आलाच नाही. हा माणूस कसा आहे ते तिला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तरीही आपण ह्याच्या सहीवर भरवसा ठेवला, ह्याची तिला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी अरुंधतीबाई गोदामात आल्या. शालूला समोर उभं केलं.

“किती दिवस चाललं हे?”

“नऊ महिने, बाई.”

“तुला काय दिलं त्यानं?”

“काही न्हाई.”

“म्हणजे तो लबाड आणि तू येडी. लबाडाला निदान काही मिळत तरी होतं.” बाईंनी पर्स उचलली. “दिवाळीनंतर नवी तुकडी आहे. खर्चा मी देते. पण फॉर्मवर विभागप्रमुखाची सही लागते ती लागतेच. ती तुझी तू आण.”

हे फार झोंबलं, कारण एकूणएक शब्द खरा होता.

सोमवारी सर आलेच. पाटीवरच्या शेवटच्या ओळीला चिकटपट्टी लावलेली. लॅपटॉप छातीशी धरून स्टुलापाशी उभे राहिले, आवाज अगदी साखरेत घोळलेला. “शालू, झालं गेलं सोडून दे. जरा बघ ना.”

“माझी बोहणी झाली न्हाई, सर.” शालूनं कोरा फॉर्म टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवला. “आधी ही.”

सरांनी इकडं तिकडं बघितलं. दारात कडूबा उभा होता, तो जागचा हलला नाही. सरांनी सही केली. शालूनं तारीख टाकून घेतली, शाईवर फुंकर मारली, फॉर्म पिशवीत ठेवला. सरांच्या जिवात जीव आला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

शालूनं त्यांच्या पुढ्यात दुकानदारांच्या फोन नंबरांची यादी सरकवली. “त्रेचाळीस आहेत. एकेकाला विचारा आणि वेळ लिहून घ्या. मी काढलेल्या वेळा तर चुकीच्या होत्या ना?”

“अगं, हे क्लार्कचं काम आहे!”

“म्हणून तर तुम्हाला देऊन राह्यले. सोपं आहे. गणिताचं मंग बघू, तुम्ही सोडवा, चुकलं की मी सांगते.”

सरांनी पहिला नंबर लावला. वडीगोद्री. “नमस्कार, मी कंपनीतून बोलतोय. आपल्याकडे दिवसाचा पहिला व्यवहार साधारण किती वाजता…”

“कोण? कसला व्यवहार? टॅक्सवाले का तुम्ही?” फोन कट.

कडूबा खो खो हसायला लागला. शालू गाडीच्या मालाची बिल्टी लिहीत होती, तिनं मान वर केली नाही. “बोहणी म्हणा, सर. त्याशिवाय त्यांना कळत न्हाई.”

सरांनी परत फोन लावला. कान लाल, मान लाल. “ते… तुमची बोहणी किती वाजता होते?”

“हां, असं बोला की! साडेदहाला होते बघा.”

“लिहून घ्या, सर,” शालू म्हणाली. “बेचाळीस राह्यले.”