एकमेकांवर आपटलेले काटे

बुधवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास सौंदर्या मगदूमने दोन नादकाटे, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, एकमेकांवर आपटले आणि आकाराम पाटलांच्या डाव्या कानाजवळ धरले. पाटील खुर्चीत ताठ झाले. मग म्हणाले, "हां! आता कसं!"

राजारामपुरीतल्या तिच्या खोलीत ध्वनी-उपचार चालतात. पाटील मुरगूडचे. उमेदीची सारी वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत ओतीव माल घासण्यात गेली. उजवा कान तिथंच गेला आणि डाव्यात रातकिड्यासारखा आवाज उरला. तो थांबावा म्हणून बायको अंबूबाईंनी त्यांना एसटीत घालून आणलं होतं.

नादकाटा कशावर मारायचा, यावर त्याचा आवाज ठरतो. रबरी ठोकळ्यावर मारला तर मऊ, जेमतेम ऐकू येणारा. दोन काटे एकमेकांवर मारले तर धारदार, आणि तो माणसापासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात वाजवायचा. कानाशी फक्त ठोकळ्याचा, हे सौंदर्याला पक्कं ठाऊक होतं. सुरुवात तिने तशीच केली होती.

"वाजतंय का न्हाय ह्ये?" पाटलांनी विचारलं.

"वाजतंय मामा. हळूच असतं."

"हळू? आमच्यात कोन हळू बोलत न्हाय, आन् औषध हळू?"

"अवं, गप बसा की," अंबूबाई म्हणाल्या. "त्यास्नी कळतंय."

"कळतंय व्हय! काटं-चमचं दाखवाय लागलीया पोरगी. ऊठ, एसटी गावंल आजून."

बाहेर बाकावर दोन बायका नंबरला बसल्या होत्या. त्यांतली एक हसली. सौंदर्याने ठोकळा बाजूला सारला.

दुसराही मार्ग होता. टोकांना वजनं लावलेला जड नादकाटा मनगटाच्या हाडावर टेकवला असता, तर कंप हातात जाणवला असता आणि पाटलांची खात्री पटली असती. तो काटा समोर पेटीतच होता. तिला तो सुचला, तोवर पाटील जिन्यात पोहोचले होते. अंबूबाईंनी मागून हाक मारली, "अवं, पिशवी!" ते वळले नाहीत. सौंदर्या दारातून बघत होती. खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी अंबूबाईंचा फोन आला.

"ताई, गुण आला बघा! रातकिडं गप झालं म्हनत्यात. पेढं घिऊन येनार हाईत."

"बरं झालं, मावशी."

"फकस्त हाक मारली तर बघंनात. दमल्यात का काय."

"आराम करू द्या," सौंदर्या म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिने आणखी कुणालाही बसवलं नाही. दुपारी ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांना फोन केला आणि कुणाचंही नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, कान अचानक बसला असेल तर दिवस घालवू नका; काट्यानेच झालं का, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, कदाचित तपासूनही नाही. मग तिने नाव सांगितलं आणि शुक्रवारी संध्याकाळचा नंबर घेतला.

अंबूबाईंना तिने पुन्हा फोन लावला.

"मावशी, चूक माझी झाली. काटे तसे कानाशी वाजवायचे नसतात. मला माहीत होतं, तरी वाजवले. त्यांना डॉक्टरांकडे आणा. उशीर नको."



"म्हंजी आवाज गेला त्यो..."

"तसं असू शकतं. नक्की माहीत नाही."

"एकच कान हुता की गं त्यास्नी."

सौंदर्याने शुक्रवारी संध्याकाळी सहाची वेळ आणि दवाखान्याचा पत्ता सांगितला.

"आता सांगू कसं? ऐकू कुठं येतंय?"

तेवढ्यात मागून पाटलांचा आवाज आला, आदल्या दिवशीपेक्षा चढा. "कुनाचा फोन हाय? काट्यावालीचा? म्हनावं, पुढल्या बुधवारीबी तसंच जोरात!"

शुक्रवारी संध्याकाळी सहाला दवाखान्यात पाटलांचा नंबर पुकारला गेला. बाकावरून सौंदर्या उठली, दाराशी जाऊन म्हणाली, "येताहेत." दवाखान्यातल्या माणसाने पुढच्या पेशंटला आत घेतलं.

अंबूबाईंचा शेवटचा फोन साडेचारला आला होता. पाटील मुरगूडच्या स्टँडवर होते, पण बरा झालेला कान दाखवायचा कशाला म्हणून गाडीत चढत नव्हते. एक एसटी सुटली होती, दुसरी लागायची होती. त्यानंतर फोन लागलेला नाही.