कडू घास

"काकी, निघतो मी. काय लागलं तर फोन कर," एकनाथ गाडीत बसता बसता म्हणाला. गोजराबाईंच्या नवऱ्याला, गेणबाला अग्नी देऊन पुतण्या परत बाणेरच्या फ्लॅटवर निघाला होता.

भावकीतलं सूस गावातल्या या आळीत आता उरलं होतंच कोण? जमिनी विकून सगळे पांगले होते. जिथं सासवा-सुना भांडल्या, नांदल्या, तिथं आता भाड्याच्या खोल्या. एकीत जालन्याचं जोडपं, दुसरीत बिहारची पोरं, तिसरीत कोण ते देव जाणे. वाईट त्यांतलं कुणीच नव्हतं. आज तर बिहारच्या पोरांनी गाणीसुद्धा बंद ठेवली होती.

मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. आळीतली बाई पिठलं-भाकरी घेऊन येते, दुःखातलं माणूस नको नको म्हणतं, आणि ती रागावून पहिला घास त्याच्या तोंडात कोंबते. हा कडू घास गोजराबाईंनी जन्मभर घरोघर नेला होता. आज तो खायची पाळी त्यांची होती. आणि ही काही मागून घ्यायची गोष्ट नव्हे.

दिवेलागणीला वरच्या खोलीतली अपेक्षा दारात आली. जालन्याच्या जोडप्यातली पोर, हिंजवडीत नोकरीला.

"आजी, जेवायला आणू का? माझा स्वयंपाक झालाय."

गोजराबाईंच्या जिवात जीव आला. पण रीत ती रीत. "नगं बाई. भूक न्हाई मला."

"नक्की?"

"न्हाई म्हंते ना!" त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. आता ही खेकसेल, ताट आणून पुढ्यात आदळेल, म्हणून वाट बघू लागल्या.

"बरं आजी. आराम करा." अपेक्षानं आवाज होऊ नये म्हणून दारही जपून ओढून घेतलं.

पोरीचं तरी काय चुकलं? नको म्हटलेलं तिनं खरं मानलं. न मानणाऱ्या बाया आळीतून केव्हाच गेल्या होत्या. दिवसभर अडून बसलेलं रडू गोजराबाईंना आता आलं.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या. गॅस पेटवला, पिठलं टाकलं, भाकरी थापली. ताट पुढं घेतलं, पण हात काही पुढं होईना.

शेवटी डाव्या हातानं त्यांनी स्वतःचीच हनुवटी धरली. "घे मुकाट्यानं! किती येळ उपाशी बसशील?" रिकाम्या घरात त्या ओरडल्या, आणि उजव्या हातानं घास तोंडात सारला.