दुःखी माणसाच्या वाट्याचा पंप

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या पंपांसारखा लेचापेचा नाही हं! पाठीवर अडकवला की रिकामा असलो तरी खांद्याला चांगला जाणवायचो. आता मात्र फुटक्या कुंड्यांशेजारी धूळ खात पडलो आहे.

काय दिवस होते ते! मोठी रोपवाटिका, तिच्यात गुलाबांचं काचघर. सकाळी काचांवरून थेंब ओघळायचे, माझा दांडा करकरला की सगळे म्हणायचे, "चला, फवारणी सुरू झाली." त्या ओल्या मातीच्या वासाच्या आठवणीनं आजही जीव कासावीस होतो.

तिथं एक रीत होती. ज्याच्या घरी दुखणं-खुपणं असेल, त्याला मुकादम मला द्यायचे. काचघरात एकट्याचं काम. कुणी खोदून विचारणार नाही, आणि डोळे भरून आले तरी ते औषधाच्या नावावर खपून जायचं. औषध कसलं, कीड मारायचं विषच ते! पण रीत मायेची होती, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही.

तिथं कामाला एक मावशी होत्या; कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले, तेव्हा मुकादम म्हणाले, "मावशी, पंप घ्या. आत मन मोकळं करा."

मावशी तोंडाला पदर बांधून फवारायच्या आणि रडायच्या. हळूहळू त्यांचे हात थरथरू लागले. कलम बांधताना दोरा सुटू लागला. एकदा समोरच्या गुलाबाकडे बोट दाखवून त्यांनी तिथंच कामाला असलेल्या लेकीला विचारलं, "अगं, याला काय म्हणतात गं?"

लेकीनं ते सगळ्यांना सांगितलं. बाकीचे म्हणाले, "काळजीनं होतं असं." मुकादमांना दया आली, त्यांनी मला आणखी काही दिवस मावशींकडेच ठेवलं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो!

शेवटी लेकीनं आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. "काळजीनं शरीर आधीच शिणलेलं," त्या म्हणाल्या, "अशा वेळी हे विष मेंदूला जास्त बाधू शकतं. आधी फवारणी बंद!"

लेकीनं परत येऊन हे सांगितलं, तसे मुकादम म्हणाले, "अरे देवा, मी तर भलं करायला गेलो होतो!"

मावशींचा हात पुढे स्थिरावला. काही गुलाबांची नावं मात्र परत आली नाहीत. त्या हसून म्हणायच्या, "चेहरा ओळखीचा आहे हो, नाव तेवढं सांगा." मुकादम सांगायचे आणि तोंड फिरवून डोळे पुसायचे.

मुकादमांनीच मला इथं आणून ठेवलं. आधी मी रुसलो, पण आता राग नाही. मित्रांनो, फवारताना तोंड नीट झाका, हात धुवा, हे तर आहेच. पण कुणी दुःखात असेल, तर त्याला माझ्यासारख्याच्या हवाली करून एकटं सोडू नका. त्याच्या पाठीवर काही ठेवायचंच असेल, तर आपला हात ठेवा.