मायकनच्या गालांचा रंग

मी एक जुनी रंगपाटी आहे, नाशपातीच्या लाकडाची. मला अंगठ्यापुरते भोक आहे. लीव्हन मास्तरांच्या अंगठ्याने ते चाळीस वर्षांत इतके झिजवले, की आता दुसऱ्या कुणाचा अंगठा त्यात डुगडुगतो.

मित्रांनो, अँटवर्पमध्ये माणसांचे चेहरे रंगवावेत ते माझ्या मास्तरांनीच! चित्रकारांच्या संघात त्यांचे नाव लागले, त्याच दिवशी मी त्यांच्या हाती आले. मिठाचे व्यापारी, पाद्री, दर्यावर्दी कप्तान, सगळे त्यांच्यासमोर बसून गेले. एकाने नाकावरची चामखीळ गाळायला सांगितली. मास्तर म्हणाले, "मग नाकही घरीच ठेवून यायचं होतं!"

कापडाचे व्यापारी वाउटर आणि त्यांची बायको मायकन यांचे लाकडी फळीवरचे जोडचित्र हे मास्तरांचे सर्वांत सुंदर काम. मायकनच्या गालांचा रंग सात वेळा माझ्यावर कालवला, तेव्हा कुठे जमला. पुढच्या हिवाळ्यात ती बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत वाउटर दुसरी बायको आणि तेच चित्र घेऊन हजर!

"मास्तर, हिचं तोंड पुसा आणि तिथं माझ्या क्लाराचं काढा. गळ्याची झालर राहू दे, चांगली आहे."

"अहो शेठ, नवी फळी घ्या की!"

"कशाला? भिंतीवर जागा एकाच चित्राची आहे."

मागे उभी असलेली क्लारा म्हणाली, "आणि माझ्यानंतरची तिसरी? तीही याच झालरीत बसवणार का हो?"

वाउटर लालबुंद झाले. मास्तरांनी मला खुंटीला अडकवले. "मी नाही पुसणार," एवढेच ते बोलले.

पलीकडच्या गल्लीतल्या एका रंगाऱ्याने ते काम दोन दिवसांत उरकले. वर वाउटरनी गावभर बोंब ठोकली, की लीव्हनचा हात कापतो. धडधडीत खोटे! पण गिऱ्हाइके तुटली. शेवटची वर्षे मास्तर खानावळींच्या पाट्या रंगवत होते. तरी माझ्या कोपऱ्यात वाळलेला तो गुलाबी रंग त्यांनी कधीच खरवडला नाही.

आज ते चित्र संग्रहालयात आहे, आणि खाली नाव कुणाचे? माझ्या मास्तरांचे! जो चेहरा काढायला त्यांनी नकार दिला, त्याचीच लोक वाहवा करतात. समोरच्या काचेच्या पेटीत पडून मी रोज हे ऐकते आणि जळते.

आज इथल्या बाईंनी मला बाहेर काढले. "ही खपली काढली की लाकूड कसं लख्ख दिसेल!" म्हणाल्या.

मित्रांनो, ती खपली नव्हे. मायकनच्या चेहऱ्यातले डोळ्यांना दिसेल असे जगात तेवढेच उरले आहे. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्यावर कुणाचे काय राहिले आहे, ते बघत जा. बाई पाणी आणायला गेल्या आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी त्यांना थांबवा.