मणेरणीच्या तारा

इंदापूरच्या बाजारात बाबूलाल मणेरांचं बांगड्यांचं दुकान आहे, पण दुकानाचं नाव झालं ते त्यांच्या बायकोमुळं. लग्नघरी बांगड्या भरायच्या म्हटलं की बेगमला बोलावणं ठरलेलं. कसलाही आखडलेला हात असो, बेगम त्यात काचेची बांगडी अशी चढवायची की बाईला पत्ता लागायचा नाही. यातली खुबी बोटांत कमी आणि तोंडात जास्त. बेगम सारखी बोलायची, चेष्टा करायची, सासवांच्या नकला काढायची. समोरची बाई हसली की तिचा हात ढिला पडायचा, तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची. आता मात्र बेगमच्या बोटांचे सांधे आखडले होते आणि बांगड्यांची पेटी लेकीकडं, इफ्फतकडं आली होती.

इफ्फतची बोटं आईपेक्षाही हलकी. घोडं अडलं होतं दातांपाशी. समोरचे दात एकमेकांवर असे चढून बसले होते, की हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. कॉलेजात ते खपून गेलं. पण बांगड्या भरताना दोन्ही हात गुंतलेले. तोंड झाकायला तिसरा हात आणायचा कुठून? मग ती ओठ मिटून, मान खाली घालून काम करायची. समोरची बाईही गप्प, तिचा हात ताठ, आणि मग कट्कन आवाज. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. बायका 'वाढली' म्हणायच्या आणि समजुतीनं घ्यायच्या. पण पुढच्या वेळी निरोप यायचा, आईलाच पाठवा. आईचा हात चालेना आणि लेकीला कुणी बोलावेना, असं होत राहिलं असतं तर एकेक घर तुटलं असतं. इफ्फतला हे काम मनापासून हवं होतं. दुकानाच्या गल्ल्यावर बसण्यात तिला काडीचा रस नव्हता.

तिचा भाऊ नईम तिला बारामतीला दातांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर अंजली भालेराव शांत बाई होत्या. त्यांनी दात पाहिले आणि दोन्ही वाटा नीट समजावून सांगितल्या. तारा एकदा दातांवर चिकटवल्या की काम होईपर्यंत निघत नाहीत, आणि त्या दिसतात. पारदर्शक पट्ट्या दिसत नाहीत, काढता-घालता येतात. पण खाता-पिताना काढायच्या, तोंड स्वच्छ करून पुन्हा घालायच्या, आणि बाकी सगळा वेळ तोंडात ठेवायच्या, तरच दात हलतात. नईमनं यातलं 'दिसत नाहीत' एवढंच ऐकलं. इफ्फतनंही तेवढंच ऐकलं, खोटं कशाला बोला.

दिवसातून चहा किती वेळा होतो, असं डॉक्टरांनी विचारलं. सकाळ-संध्याकाळ, असं इफ्फत म्हणाली. तिनं फक्त घरचा चहा धरला. डॉक्टरांना कदाचित शंका आली असावी. पट्ट्यांचा अख्खा संच मागवण्याआधी त्यांनी नुसती सवय करून बघायला एक साधी पट्टी बनवून दिली. ही काही दात हलवणार नाही, पण तुमचं रोजचं जगणं हिच्याबरोबर जमतंय का ते कळेल, असं त्या म्हणाल्या.

पट्टी घालून इफ्फतनं आरशात पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. ती जाम खूश झाली. दुसऱ्या दिवशी कोऱ्हाळे बुद्रुकला ताईबाईंकडून बोलावणं आलं. ताईबाईंची नात मोनाली बारामतीत बँकेत नोकरीला होती आणि तिचा साखरपुडा ठरला होता. घरातल्या बायकांच्या बांगड्या भरायच्या होत्या. वाटेत आणखी दोन-तीन घरं झाली. तिथं चहा आला तसा इफ्फतनं गोड बोलून परतवला. चारचौघींत तोंडात बोटं घालून पट्टी काढायची, ती रुमालात गुंडाळायची, हे तिला काही केल्या जमणार नव्हतं. त्या घरांनी मनावर घेतलं नाही.

ताईबाईंनी स्वतः चहा करून आणला. ठेवणीतली कपबशी होती.

"नको आजी," इफ्फत ओठ मिटत म्हणाली, "आत्ताच झालाय."

ताईबाईंनी कप तसाच धरून ठेवला. मग खाली ठेवला. इफ्फतनं मान खाली घालून बाकीच्या बायकांच्या बांगड्या भरल्या; ताईबाईंनी आपला हात पुढं केला नाही. इफ्फत निघाली तेव्हा ताईबाई हळूच म्हणाल्या, "लग्नाला आईला पाठव, पोरी. तू नगं येऊस."

घरी येऊन इफ्फतनं हे सांगितलं तेव्हा बेगम कांदा चिरायची थांबली. ताईबाईंच्या घरी तू चहाला नाही म्हणालीस? असं तिनं दोनदा विचारलं. ताईबाईंच्या सासऱ्यांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म घेतला तेव्हापासून ते घर बौद्ध. पण ताईबाई सून होऊन आल्या त्या काळात काही बांगडीवाले उंबऱ्याबाहेर बसूनच त्यांचे हात भरायचे आणि तिथल्या पाण्यालाही शिवायचे नाहीत. प्रत्येकाचं कारण एकच असायचं, आत्ताच झालंय. बेगम नवी नवी पेटी घेऊन गेली तेव्हा थेट आत जाऊन बसली होती आणि आपण होऊन चहा मागितला होता. तेव्हापासून ते घर तिचं.

आईनं हे सांगेपर्यंत इफ्फतला असलं काही माहीतही नव्हतं, आणि ती वागली मात्र हुबेहूब तशीच. ती त्या रात्री रडली. आपलाच तिला संताप आला. दात लपवायच्या नादात आपण एका म्हातारीच्या जिवाला डागणी दिली, हे तिला गिळता येईना.

सकाळी तिनं पट्टी डबीत घातली आणि नईमला म्हणाली, बारामतीला चल. तारा लावून घ्यायच्यात. नईम उडालाच. लग्नघरात तोंडात तारा घेऊन बसणार? पोरंटोरं हसतील.

"हसू देत की," इफ्फत म्हणाली. "मला हसवायचंच काम हाय."

डॉक्टर अंजलींनी कारण विचारलं. आमच्या कामात चहाला नाही म्हणता येत नाही, असं तिनं सांगितलं, आणि सगळी हकिगतही सांगितली. डॉक्टरांची स्वतःची आजी सुप्याकडची होती, तिचेही हात असेच उंबऱ्याबाहेर भरले जायचे. मग त्यांनी हातमोजे चढवले आणि म्हणाल्या, "बस. चांगलं ठरवलंस."

पहिला आठवडा वाईट गेला. गालाला आतून तारा टोचायच्या, भाकरी दुधात कुस्करून खावी लागायची. ऊस सोलून खायला सक्त बंदी. उसाच्या मुलखात राहून ऊस खायचा नाही म्हणजे छळच, पण तो तिनं सोसला.

मोनालीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मायलेकी दोघी कोऱ्हाळ्याला गेल्या. निरोप बेगमलाच होता. ताईबाईंनी बेगमचं तोंडभरून स्वागत केलं आणि इफ्फतकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. इफ्फत पेटी खाली ठेवून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, मला चहा पायजे," ती म्हणाली. "त्या दिवशी तोंडात दातांची पट्टी हुती. चारचौघींत काढायची लाज वाटली मला. तुमचा चहा मी नाकारला न्हाय, पण तुमाला तसंच वाटणार, हे मला कळायला पायजे हुतं. आता ती पट्टीच नगं म्हणून हे लावून घेतलंय." आणि तिनं ओठ मागं घेऊन तारा दाखवल्या.

ताईबाईंनी वाकून निरखून पाहिलं. मग त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात कपबशी होती. इफ्फतनं तिथंच उभ्या उभ्या चहा संपवला. ताईबाईंनी रिकामा कप घेतला खरा, पण मोनालीच्या पाटासमोर बसायला खुणावलं ते बेगमला.

मोनाली मागच्या वेळी बँकेत होती; तिच्या हाताला घड्याळाशिवाय कशाची सवय नव्हती. अंगठ्याचं हाड रुंद, आणि भीतीनं मूठ आवळलेली. ताईबाई शकुन-अपशकुन मानणाऱ्यातल्या नव्हत्या, पण काच लागली तर नवरीच्या हातातून रक्त यायचंच. बेगमनं दोनदा हात दाबून पाहिला. तिच्या बोटांत जोर येईना. पहिलीच बांगडी अंगठ्यापाशी अडली आणि मोनाली कळवळली. बेगमनं मान वर करून लेकीकडं पाहिलं. घर भरलेलं होतं, सगळ्या बायकांची नजर ताईबाईंवर गेली. ताईबाई होही म्हणाल्या नाहीत आणि नाहीही.

इफ्फत पाटासमोर बसली. तिनं मोनालीचा हात दोन्ही हातांत घेतला. आता तोंड उघडंच पडणार होतं. समोरची दोन पोरं तारांकडं डोळे फाडून बघत होती, मोनालीही बघत होती. पूर्वीची इफ्फत असती तर ओठ घट्ट मिटले असते.

"बघताय काय?" ती सगळे दात दाखवत म्हणाली. "इंदापूरची मणेरीण हाय मी. हातात जागा उरली न्हाय, म्हणून आमच्या अम्मीनं मला तोंडात बांगड्या भरल्यात. लई रडले, पण एक वाढली न्हाय बघा."

आधी पोरं फुटली, मग बायका. मोनालीला हसू आवरेना. ती मागं रेलून खदाखदा हसली आणि तिची मूठ सुटली. तेवढ्यात बांगडी मनगटावर होती. इफ्फत थांबली नाही. तारा लावल्यावर भाकरीशी झालेली मारामारी, तार ओढणीत अडकली तेव्हा नईमनं केलेली सोडवासोडव, सगळं तिनं रंगवून सांगितलं. तिला स्वतःलाही हसू फुटत होतं, आणि हात तोंडाकडं न्यायचं तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. दोन्ही हात हिरवेगार झाले तेव्हा मोनालीनंच चकित होऊन विचारलं, झालं? एकही बांगडी वाढली नव्हती. इफ्फतचा आनंद छातीत मावत नव्हता.

मोनाली उठली तशा ताईबाई पदर खोचून पाटावर येऊन बसल्या. त्यांचा हात कामानं लाकडासारखा झालेला, बेगम यायला लागल्यापासून त्यांनी तो दुसऱ्या कुणाला धरू दिला नव्हता. तो त्यांनी इफ्फतपुढं केला. बेगम घाईनं पुढं सरकली आणि लेकीला सांगू लागली की यांचं माप मोठं लागतं, करंगळीकडून दाब, अंगठा आत घे.

"तू गप बस, बेगम," ताईबाई म्हणाल्या. "तिचं ती बघंल."

इफ्फतनं तो हात आपल्या हातात घेतला आणि पेटी जवळ ओढली.

"हिरव्या भरू का लाल, आजी?" तिनं तोंडभर हसत विचारलं.